लिंबाची फोड, कुकरची शिट्टी

पोह्यांवर लिंबू फक्त चवीसाठी पिळतात, हे अर्धंच खरं. पोह्यांत लोह असतं, पण धान्य-भाज्यांमधलं लोह शोषून घेताना आपलं शरीर मोठी कंजुषी करतं. लिंबातलं क जीवनसत्त्व मदतीला आलं की तेच लोह आतड्यांतून कितीतरी अधिक शोषलं जातं. अट एकच: लिंबू गॅस बंद केल्यावर, खायच्या वेळी पिळायचं. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होत जातं.

मात्र पोह्यांच्या बशीशेजारी चहाचा कप आला की खेळ बिघडतो. चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात आणि लिंबाने कमावलेलं बरंचसं हिरावून घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा राज्यात चहा-पोहे ही जोडी नुसती आवडीनिवडीची बाब राहत नाही. चहा सोडायची गरज नाही. खाणं आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा, एवढंच.

लोह मिळवून देणारी दुसरी वस्तू बहुधा तुमच्या माळ्यावर पडून असेल: आजीची लोखंडी कढई. इथिओपियात मुलांच्या एका गटाचं जेवण लोखंडी भांड्यांत आणि दुसऱ्या गटाचं अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवून वर्षभर पाहणी झाली. ती १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. लोखंडी भांड्यांतलं जेवलेल्या मुलांचं हिमोग्लोबिन अधिक वाढलं होतं. आंबट पदार्थ कढईतलं लोह जास्त ओढतात. फक्त शिजल्यावर ते लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचे, नाहीतर काळे पडतात. कढई खाली काढा, घासा, तेलाचा हात फिरवा आणि वापरायला लागा.

कोंबड्यांनी मिळवून दिलेलं नोबेल

१८९० च्या दशकातली गोष्ट. जाव्हा बेटावरच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचं मूळ शोधत होता. या रोगात हातापायांतली शक्ती जाते, हृदय थकतं. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांनाही तसाच काहीसा आजार झाला आणि काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. आइकमन चक्रावला. मग उलगडा झाला. आधीचा स्वयंपाकी लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र भात कोंबड्यांना घालत होता. नवा स्वयंपाकी आला आणि त्याने साफ नकार दिला: लष्कराचा तांदूळ या कोंबड्यांना मिळायचा नाही! त्यांना कोंड्यासकटचा साधा तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू-फिरू लागल्या. गिरणीत तांदूळ घासून पांढरा करताना कोंड्याबरोबर जे निघून जात होतं, ते पुढे ब१ जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं. आइकमनला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. त्या हट्टी स्वयंपाक्याचा या शोधातला वाटा मला तरी फार मोठा वाटतो.

आता कोकणात या. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सकाळची पेज उकड्या तांदळाची असते. भात सालीसकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. वाफेच्या त्या खटाटोपात कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत सरकतात आणि सडल्यानंतरही बरीचशी तिथेच राहतात. शिवाय पेजेत पाणी ओतून द्यायचं नसतं, प्यायचं असतं. ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, त्यामुळे शिजवलेलं पाणी मोरीत गेलं की तीही गेली. पुरणाची डाळ शिजवल्यावर वरचं पाणी काढून कटाची आमटी करणाऱ्या बायकांनी हा हिशेब कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय जमवला होता.

बेरीबेरीची एक खूण आपल्याकडेही आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला, बेरीबेरीच्या अभ्यासासाठी, एका खोलीत सुरू झाली.

मोडांची लढाई

मटकी भिजवली, उपसली, फडक्यात बांधली, दुसऱ्या दिवशी मोड. एवढ्या साध्या कामाच्या मागे एक महायुद्ध आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर ब्रिटिश फौजेतल्या भारतीय सैनिकांना स्कर्व्हीने गाठलं. ताजी फळं-भाजी नाही, क जीवनसत्त्व नाही, हिरड्यांतून रक्त. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या दोन संशोधक स्त्रियांनी गिनीपिगांवर प्रयोग करून १९१९ मध्ये दाखवून दिलं की कोरड्या कडधान्यात नसलेली स्कर्व्ही रोखण्याची ताकद मोड आल्यावर त्यात तयार होते. जिथे लिंबू पोचणार नाही तिथे कडधान्याचं पोतं आणि थोडं पाणी पोचू शकतं!

कोरड्या मुगात क जीवनसत्त्व जवळपास नसतं. मोड आलेल्या १०० ग्रॅम मुगात ते १३ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. मोड येताना फायटिक आम्लही कमी होतं, त्यामुळे अडकून पडलेलं लोह आणि जस्त मोकळं होतं. भिजवलेलं पाणी मात्र फेकायचंच. पोटात वायू धरायला लावणाऱ्या काही शर्करा त्यात उतरलेल्या असतात. उसळ अगदी गाळ होईपर्यंत शिजवू नका. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना कच्चे मोड न देता वाफवून द्या; ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात.

हळद, लसूण, गूळ आणि अळू

हळदीतलं कर्क्युमिन एकटं गेलं तर शरीरात फारसं टिकत नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी त्यासोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं आणि त्याचं शोषण सुमारे २० पटींनी वाढलं. तो प्रयोग शुद्ध अर्काचा होता. चिमूटभर हळदीने आजार पळून जाईल असं त्यावरून कुणी सांगू नये. पण मसाल्याच्या डब्यात या दोघी शेजारी बसतात ते चांगलंच आहे.

लसूण ठेचल्याशिवाय त्यातलं अ‍ॅलिसिन हे गुणकारी समजलं जाणारं द्रव्य तयारच होत नाही. ठेचा, दहा मिनिटं तशीच ठेवा, मग फोडणीत टाका.

गूळ म्हणजे आरोग्य आणि साखर म्हणजे विष, हे काही खरं नाही. दोन्हींच्या उष्मांकात नावापुरता फरक आहे. गुळाचा चहा चार वेळा पिणाऱ्याची साखर कमी झालेली नसते.

अळू घशाला खवखवतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून फदफद्यात चिंच किंवा आमसूल. पावसाच्या तोंडाशी ठाणे-रायगडच्या बाजारात शेवळं येतात, तीही खाजरी. त्यांच्यासोबत भाजीवाली आंबट काकडं हमखास देते. ती घेतल्याशिवाय शेवळं घेऊ नका.

आणि कुकर? तो तर फ्रान्सच्या दनी पापँने १६७९ मध्ये लंडनमध्ये मांडला. दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, डाळ लवकर शिजते. वेळ कमी आणि पाणी कमी, म्हणून उघड्या पातेल्यात खूप वेळ उकळण्यापेक्षा कुकरमध्ये जीवनसत्त्वांची नासाडीही कमी होते. शिट्ट्या मोजणाऱ्या घरांना हे सांगायलाच हवं.

कमलाबाईंचा ग्लास

अन्न आणि विज्ञान यांची गाठ घालणारी एक मराठी बाई आपण फार लवकर विसरलो. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा मुलगी आहे म्हणून संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवला आणि तिथे दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं. १९६६ मध्ये मुंबईतल्या स्त्रियांनी ग्राहकांसाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, त्यात त्या होत्या. भेसळ ओळखायला सामान्य माणसाला शिकवणं हे त्यांनी शास्त्रज्ञाचं काम मानलं.

त्याच वाटेवरची एक चाचणी आज घरी करा. पाण्याच्या ग्लासात चमचाभर हळद टाका आणि थांबा. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला आहे असं समजा.

डावी बाजू मोठी करा

मराठी ताट वाढताना डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, आमटी. मध्ये भात किंवा पोळी. रचना उत्तम आहे. प्रमाण बदलायला हवं. २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना जाहीर केल्या. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे असं त्यात म्हटलं आहे, आणि निम्मं ताट भाज्या-फळांचं असावं असा आग्रह आहे. आपली कोशिंबीर मात्र चमचाभरच राहिली. ती वाटीभर झाली पाहिजे. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची छोटी फोडणी हवीच, कारण गाजरातलं बीटा कॅरोटीन स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. भाज्या महाग असतील त्या आठवड्यात दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालीची चटणी करा. तंतू फुकट मिळतात.

मिठाचं उलट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट छोटा चमचा. पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठही त्यातच मोजायचं.

साखर कमी विकली गेली, वजन वाढलं

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ब्राझीलची कहाणी. साओ पाउलोचे आहारसंशोधक कार्लोस मोन्तेरो यांनी तिथल्या घरांच्या खरेदीचे आकडे तपासले. लोक पूर्वीपेक्षा साखर आणि तेल कमी विकत घेत होते, आणि तरी लठ्ठपणा वाढत होता. कोडं सुटलं ते असं: साखरेचा डबा आणि तेलाची बाटली घरात येते म्हणजे त्या घरात चूल पेटते. त्यांची जागा तयार पाकिटांनी घेतली होती, आणि साखर, तेल, मीठ त्या पाकिटांतून येत होतं. त्यातून २००९ मध्ये मोन्तेरो यांनी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाची संकल्पना मांडली.

तिचा कस २०१९ मध्ये अमेरिकेत लागला. संशोधक केव्हिन हॉल यांनी २० माणसांना संशोधन-रुग्णालयात ठेवून दोन आठवडे पाकिटबंद, अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच. हवं तेवढं खायची मुभा. पाकिटबंद जेवणाच्या काळात माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ९०० ग्रॅम वजन वाढलं. साध्या जेवणाच्या काळात तेवढंच उतरलं.

पाकीट घ्यायचंच असेल तर मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. 'नाचणी बिस्किटां'च्या यादीत मैदा आणि साखर नाचणीच्या आधी असतील तर ती मैद्याची बिस्किटं आहेत. नाचणी खायची तर भाकरी करा, आंबील करा: १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट.

ब्राझील सरकारने २०१४ मध्ये नवी आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्यात उष्मांकांच्या कोष्टकांपेक्षा घरी रांधा, सोबत बसून जेवा, यावर भर आहे. आणखी एक गोष्ट तिने ठामपणे सांगितली आहे: स्वयंपाकाचा भार घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावा, पुरुषांनी आणि मुलांनीही.

हे आपल्याला फार लागू आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांपैकी जेमतेम २६ टक्के घरकामाला हात लावत होते, आणि जे लावत होते त्यांची मिनिटं ९७. 'घरचंच खा' हा सल्ला अशा घरात दिला तर तो एकाच माणसावर आणखी काम लादतो. मग थकून मागवलेल्या जेवणाबद्दल तिला दोष देण्यात काही अर्थ नाही. म्हणून हे वाचणाऱ्या पुरुषांना आणि कॉलेजातल्या मुलामुलींना विनंती: या आठवड्यात एक रात्र स्वयंपाकघर पूर्णपणे तुमचं ठेवा. काय करायचं ते ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत सगळं तुम्ही करा, आणि पुढच्या आठवड्यात दोन रात्री.