सारखं वाटप आणि न्याय्य वाटप: सार्वजनिक आरोग्याच्या निधीचं गणित

आरोग्यासाठी सरकारने किती पैसा द्यावा यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते. आज आपण त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. जो पैसा आहे, तो तालुक्या-तालुक्यांत वाटायचा कसा?

पहिलं उत्तर सुचतं ते म्हणजे दरडोई सारखी रक्कम. पण जिथे पाडे विखुरलेले आहेत, मुलं कुपोषित आहेत, तिथे त्याच पैशात काम कमी होतं आणि गरज मात्र जास्त असते. आपल्या निकषांनी हे अंशतः मान्य केलं आहे. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागे. पण यात भूभाग बघितला जातो, आजारपण नाही.

दुसरं उत्तर, वापराप्रमाणे वाटप. जिथे ओपीडी मोठी, तिथे निधी जास्त. इथे खरी मेख आहे. ज्या उपकेंद्रात नर्सच नाही, तिथे पेशंट येणार कुठून? नोंद कमी, म्हणून गरज कमी असं कागदावर दिसतं, आणि पुढच्या वर्षी पैसा आणखी आटतो. १९७१ मध्ये वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावातले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी नेमकं हेच मांडलं: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी.

इंग्लंडमध्ये १९४८ पासून पैसा जुन्या हॉस्पिटलांच्या मागे जात होता. साहजिकच लंडनच्या बाजूला जास्त, उत्तरेकडे कमी. १९७६ मध्ये एका सरकारी कार्यगटाने सूत्र बदललं. लोकसंख्या घ्या, वय आणि लिंग बघा, मग प्रमाणित मृत्युदर लावा. म्हणजे वयोमान पाहता १०० मृत्यू अपेक्षित असताना १२० झाले, तर गरज जास्त धरायची. मृत्यूच का? कारण दवाखाना असो वा नसो, मृत्यूची नोंद होते. २०१३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचं काम स्थानिक परिषदांकडे गेलं, तेव्हाही सूत्रात ७५ वर्षांखालच्या मृत्यूंचा आधार घेतला गेला.

हे आपण जसंच्या तसं उचलू शकत नाही. आपल्या दुर्गम भागात मृत्यूची, विशेषतः त्याच्या कारणाची, नोंदच अपुरी असते. म्हणून कुपोषण, रक्तक्षय यांची जिल्हानिहाय सर्वेक्षणातली माहिती आणि दवाखान्यापर्यंतचं अंतर, असे दोन-चार निर्देशक एकत्र धरावे लागतील.

आता एक काल्पनिक उदाहरण. दोन तालुके, प्रत्येकी एक लाख लोक, एकूण निधी २ कोटी. गरजेचं प्रमाण १ आणि १.५ धरलं, तर न्याय्य वाटा होतो ८० लाख आणि १ कोटी २० लाख. प्रत्यक्षात मिळतंय बरोबर उलटं. मग पहिल्याचे ४० लाख एका फटक्यात काढायचे? तिथला दवाखाना बंद पडेल, आंदोलन होईल आणि सूत्रच गुंडाळलं जाईल. त्यापेक्षा दरवर्षी वाढणारा निधी आधी मागे पडलेल्या तालुक्याला द्यायचा. मात्र किती वर्षांत अंतर भरणार, हे लेखी ठरलं पाहिजे. नाहीतर 'हळूहळू' म्हणजे 'कधीच नाही'.

तेव्हा जिल्ह्याचं बजेट हातात आलं की तीन गोष्टी विचारा: गरज कशावरून मोजली? तो आकडा सेवेच्या वापरावर अवलंबून आहे का? आणि न्याय्य वाट्यापर्यंत कोणत्या वर्षी पोचणार?

इथे थांबू आणि तुमचे प्रश्न घेऊ.