लाळ्या-खुरकुताची लस आणि रक्ताची परीक्षा

लाळ्या-खुरकुताची लस टोचल्यानंतर ती जनावराला लागू पडली किंवा नाही, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. खरा फरक साथ आल्यावरच दिसतो व तेव्हा उशीर झालेला असतो. यासाठी साथीपूर्वीच रक्ताची परीक्षा करणे हितावह होय.

या रोगाच्या विषाणूची प्रथिने दोन प्रकारची असतात. काहींचे मिळून विषाणूचे कवच बनते. उरलेली कवचात नसतात; विषाणू पेशीत शिरून वाढू लागला म्हणजेच ती तयार होतात. शरीर निरनिराळ्या प्रथिनांविरुद्ध निरनिराळी प्रतिपिंडे निर्माण करते. शुद्ध लशीत निष्क्रिय विषाणूंची कवचे असतात. दुसऱ्या प्रकारची प्रथिने बहुतांशी काढून टाकलेली असतात. म्हणून कवचाविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून संरक्षणाचा अंदाज येतो, तर दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे प्रत्यक्ष संसर्ग होऊन गेल्याचे दर्शवितात.

या मापनास ‘एलायझा’ परीक्षा म्हणतात. तिच्या एका सोप्या प्रकारात लहान वाट्यांच्या तळाशी ठराविक प्रथिन चिकटविलेले असते. त्यांत जनावराचे रक्तजल दुप्पट-दुप्पट पातळ करून घालतात. प्रतिपिंडे प्रथिनास चिकटली, तर पुढील रसायनाने रंग उमटतो. एका जनावराचे रक्तजल १६ पट पातळ करीपर्यंत रंग आला व दुसऱ्याचे १२८ पटींपर्यंत आला, तर दुसऱ्याची प्रतिपिंडे सुमारे ८ पट समजावीत. भारतीय लशीत ओ, ए व एशिया-१ असे तीन प्रकार असतात. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्यास भरवशाने उपयोगी पडत नसल्याने प्रत्येकाचे मापन स्वतंत्रपणे करतात.

अशा मापनांतून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली आहे. कवचातील प्रथिने सुटी करून टोचल्यास शरीराचा प्रतिसाद क्षीण असतो. तीच अखंड कवचात असल्यास तो कितीतरी प्रबळ होतो. उष्णतेने हे कवच फुटते. उन्हात राहिलेली लस दिसण्यात तशीच असली, तरी तिचा गुण गेलेला असतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी; ती गोठूही देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील दक्षता घ्यावी. नमुने पशुवैद्यकाकडून लसीकरणाच्या दिवशी व सुमारे २८ दिवसांनी त्याच जनावरांचे घेतले जावेत. प्रत्येक कुपीवर कानातील बिल्ल्याचा क्रमांक लिहावा. रक्त गोठेपर्यंत कुपी हलवू नये. वर आलेले रक्तजल वेगळे करून बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवावे.

थोडेसे रक्त दिल्याने जनावर अशक्त होत नाही. तेव्हा शेतकरी बंधूंनी नमुना देण्यास संकोच करू नये. दोन्ही नमुन्यांची तुलना केल्यानेच लस कोठे कमी पडली हे कळते व साथीपूर्वी ती उणीव भरून काढता येते.