तबकडीचा आधार

आधार आणि आधेय यांचा संबंध न्यायशास्त्रानें बारकाईनें विवेचिला आहे. तबकड्या वाजविण्याचें यंत्र घरांत कोठें मांडावें, हा प्रश्नहि त्याच जातीचा आहे. आमच्या भंडारदऱ्याकडे आषाढांत पावसाची झड लागली, कीं मुलें घरांत कोंडलीं जातात आणि वडील मंडळी बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या बाहेर काढतात. तोंच एखादें नातवंड माडीवर धांवतें, सुई उडी घेते, आणि मुलावर डोळे वटारले जातात. वस्तुतः दोष मुलाच्या पायांत नाहीं. तो यंत्राच्या आधारांत आहे.

तबकडीच्या खांचेंतील वळणें इतकीं सूक्ष्म असतात, कीं तीं मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांनीं मोजावीं लागतात. हालचाल गायकाच्या स्वराची कीं जमिनीच्या कंपाची, हा विवेक सुईस नाहीं. शिवाय सुई व तिचा दांडा यांस स्वतःचा डोल असतो. तो विजेच्या यंत्रांत सेकंदास सुमारें १० वेळां होतो. फळ्यांची जमीन त्याच सुमारास डुलली, म्हणजे झोपाळ्यास वेळेवर झोका मिळावा तसें होतें.

कित्येक गृहस्थ यंत्राखालीं रबर किंवा स्पंज घालतात. भारानें १ सेंटिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगचा डोल सेकंदास सुमारें ५ असतो, आणि त्याच्या सुमारें १.४ पटीहून जलद कंपच ती अडवूं लागते. चालण्याचीं पावलें सेकंदास सुमारें २ पडतात. तो संथ हेलकावा ती जशाचा तसा वर पोंचविते. कोणी दांड्यावर नाणें ठेवितात. त्यानें खांच झिजते, आणि झिजलेला स्वर परत येत नाहीं.

खरा उपाय भिंतींत आहे. येथील प्रवरेवरचें विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. तें दगडी धरण पाण्याचा रेटा मुख्यतः स्वतःच्या वजनानें थोपवितें. जाड दगडी भिंतहि वजनामुळेंच पावलांस दाद देत नाहीं. तिच्यांत लोखंडी घोडे पक्के बसवून वर शहाबादी फरशी ठेवावी व तीवर यंत्र मांडावें. फळीचा जमिनीस स्पर्श नसावा. लाउडस्पीकर त्याच फळीवर नसावा. भक्कम जोत्यावरील तळमजला असल्यास जड मेजहि पुरतें.

परीक्षा सोपी आहे. आवाज बेताचा ठेवून थांबलेल्या तबकडीवर सुई टेंकवावी आणि मुलास शेजारून धांवावयास सांगावें. धप्प असा आवाज उमटला नाहीं, तर आधार साधला असें समजावें.