जुन्या आवृत्तीची पोथी

१ नोव्हेंबर २०१४ रोजी हुबळीचे अधिकृत नाव ‘हुब्बळ्ळी’ झाले. परंतु रेल्वेच्या व्यवहारात त्या स्थानकाची ‘यूबीएल’ ही तीन अक्षरी खूण होती तशीच राहिली. पाटी नवी लागली, पण जुन्या नोंदींशी असलेला धागा तुटला नाही. संगणकाच्या जगात मात्र इतके शहाणपण नेहमी आढळते असे नाही.

ज्याची घडण कोणालाही पाहता येते, सुधारता येते आणि वाटता येते, त्या सॉफ्टवेअरला आपण मुक्तस्रोत म्हणतो. ते सतत बदलत असते. त्याची माहितीपुस्तिका मात्र मागे राहते. ‘पायथन’ या संगणकभाषेचे उदाहरण घ्या. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला. मधली अकरा वर्षे दोन्ही आवृत्त्या आणि दोन्हींच्या पुस्तिका शेजारी शेजारी नांदत होत्या. आता धारवाडचे सात पेढे दोघांत वाटावयाचे आहेत असे समजा. सातास दोनाने भागा म्हटले, की जुनी आवृत्ती ‘तीन’ असे उत्तर देई आणि उरलेल्या पेढ्याविषयी अवाक्षर काढीत नसे. नवी ‘साडेतीन’ म्हणते. छापण्याची आज्ञा जुन्या पद्धतीने लिहिली तर नवी आवृत्ती तत्काळ अडते, म्हणजे चूक निदान कळते. भागाकाराची चूक बोलत नाही. जुन्या पुस्तिकेवर विसंबून रचलेला हिशेब निमूटपणे चुकत जातो, आणि तो विद्यार्थ्याच्या वहीतला नसून एखाद्या संस्थेच्या जमाखर्चातला असला तर त्याची झळ इतरांनाही पोहोचते.

मग जुन्या पुस्तिका नष्ट कराव्यात काय? मुळीच नाही. एखादे जुने यंत्र जुन्याच आवृत्तीवर चालत असेल, तर ते सांभाळणाऱ्याला दुसरा आधार कोठला? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा धारवाड खंड १८८४ साली निघाला. त्यात लोकसंख्येचे आकडे १८८१ च्या शिरगणतीचे आहेत. ते आजचे समजून कोणी फसत नाही, कारण ग्रंथाच्या मुखपृष्ठावर साल आहे. त्यातले आकडे खोडून आजचे घालणे हा तर ग्रंथाचा नाशच ठरेल. जुन्या पुस्तिकेचेही तसेच आहे: ती आपल्या आवृत्तीपुरती खरी असते. तिचा मजकूर नव्याप्रमाणे ‘दुरुस्त’ करू पाहणारे उत्साही लोक तिला दोन्हीकडून निकामी करतात.

अडचण आहे ती मुखपृष्ठाची. ग्रंथ आपण पहिल्या पानापासून उघडतो. संगणकावरचा वाचक शोध घेत थेट मधल्याच पानावर उतरतो. त्याला साल दिसावे कोठे? म्हणून आवृत्तीची खूण प्रत्येक पानाच्या माथ्यावर हवी. ‘पोस्टग्रेस’ या माहितीसंग्रह-प्रणालीचे कर्ते हे चोख पाळतात. तिची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते; त्यानंतरही पुस्तिका ठेवतात, पण सांभाळ संपल्याची सूचना आणि इतर आवृत्त्यांच्या त्याच पानाची वाट माथ्यावरच दाखवितात. २००० साली निघालेल्या ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्याने तर, बदललेल्या पुस्तिकेत बदलाचे वर्ष व करणाऱ्यांची नावे ‘इतिहास’ या सदराखाली नोंदविणे बंधनकारकच केले आहे.

आपल्या भाषांत हा प्रश्न दुपटीने बिकट होतो. मूळ पुस्तिका पुढे सरकते आणि भाषांतर ज्या दिवशी झाले त्या दिवसापाशीच थांबते. या बाबतीत मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमाचा पाठ गिरविण्याजोगा आहे. मुक्तस्रोत प्रणालींचे त्यांचे ध्वनिचित्रपाठ मराठी, कन्नड व इतर भारतीय भाषांत मिळतात. प्रत्येक पाठाच्या आरंभी निवेदक सांगतो, की या पाठासाठी अमुक प्रणालीची अमुक आवृत्ती वापरली आहे. ऐकणाऱ्याला हे वाक्य रुक्ष वाटते आणि बहुतेक जण ते पुढे ढकलतात. वास्तविक साऱ्या पाठाचा खरेपणा त्याच वाक्यावर उभा असतो. धारवाडच्या वसतिगृहात एखादी विद्यार्थिनी तो पाठ कन्नडातून ऐको, वा कोल्हापुरात कोणी मराठीतून, त्या वाक्यापाशी थांबून तिने आपल्या संगणकालाही त्याची आवृत्ती विचारावी. त्याला एकाच ओळीची आज्ञा लागते, आणि उत्तर तत्काळ मिळते.