कॅमेरा घेण्यापूर्वी

छायाचित्रणावर पोट भरू इच्छिणारे आपले माजी विद्यार्थी विचारतात, कर्ज काढून मोठा कॅमेरा घ्यावा काय? आम्ही त्यांना वडशाच्या झाडीपट्टी नाटकाकडे बोट दाखवतो. रात्रभराचा प्रयोग, प्रकाश अल्प, पात्रे चंचल. कॅमेऱ्यासोबत मिळणारे 18-55 मि.मी. भिंग 50 च्या सुमारास एफ/5.6 इतकेच उघडते, 50 मि.मी., एफ/1.8 भिंग नऊपटीहून अधिक प्रकाश घेते. म्हणून बॉडी जुनी चालेल, पैसा भिंगात घालावा. प्रवासाला मिररलेस हलका; मात्र बॅटरी लवकर संपते, जादा बाळगावी. मंगल परिणयाचे काम घ्यायचे तर दोन कार्डांची सोय हवीच. वरमाला पुन्हा घालायला कोण सांगणार? कुरखेड्याच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे, हे आम्ही एक भिंग गमावून शिकलो.