‘ते आतलं सगळं काढून टाका!’

मैत्रिणींनो, आमच्या बचत गटाचा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात फारच रेंगाळायला लागला. बटण दाबून चहा टाकावा, तो उकळून गाळून झाला तरी स्क्रीनवर आपलं चक्र फिरतंच आहे! दुरुस्तीवाल्या मुलाला फोन केला. न बघताच तो म्हणाला, "काकू, विंडोजबरोबर आलेलं ते डिफेंडर आहे ना, त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन सगळं डिलीट करा. मी दुसरं अँटिव्हायरस टाकून देतो. फुल व्हर्जन, फुकटात."

खजिनदार वहिनी माउस धरून तयारच! आत चार वर्षांचा हिशेब, बायकांच्या कर्जाचे हप्ते. म्हटलं, "वहिनी, थांबा जरा."

मला २००२ सालची गोष्ट आठवली. तेव्हा ईमेलवरून एक निरोप जगभर फिरत होता. टेडी बेअरचं चित्र असलेली फाइल दिसली तर तो व्हायरस समजा, काढून टाका आणि ओळखीच्यांना कळवा. लोकांनी धडाधड काढली. ती विंडोजचीच साधी फाइल निघाली! व्हायरस नव्हताच, आपल्याच हातांनी आपलीच फाइल पुसली.

मी बी.ए.वाली बाई, पण चौकशी केली. डिफेंडर हा विंडोजचा घरचा राखणदार. दुसरं अँटिव्हायरस टाकलं की बहुधा तो आपणहून बाजूला होतो, त्याला उपटून काढावं लागत नाही. आणि विकतची वस्तू ‘फुकटात’ म्हणजे चोरीचीच की. तिच्यातूनच व्हायरस घरात यायचा.

आधी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर घेतला. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ‘स्टार्टअप’ असतं. कॉम्प्युटर उठताच त्याच्याबरोबर कोण कोण उठतं, त्याची ती यादी. आमच्याकडे अर्धा डझन मंडळी उठत होती! ओळखीची, नको असलेली तेवढी ‘डिसेबल’ केली. म्हणजे नुसती झोपवली; चुकलंच तर परत उठवता येतात. मुलांचे गेम सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’मधून रीतसर अनइन्स्टॉल केले. जिथे ते बटणच चालेना, तिथे हात लावला नाही.

संध्याकाळी मुलगा आला. विचारलं, "काय रे, काढल्यावर बिघडलं असतं तर?"

"विंडोज नव्यानं टाकलं असतं, काकू."

"आणि आमचा हिशेब?"

तो गप्प. वहिनींनी त्याच्या हातात चहाचा कप दिला, आणि आतली धूळ तेवढी त्याच्याकडून साफ करून घेतली. त्याचे पैसेही दिले.