मोटार तापते ती पाण्यावाचून

माझा धंदा कापडाचा. लुंगी, साडी, शर्टपीस यांच्या थानांत आयुष्य गेले. तेव्हा होडीच्या मोटारीवर मी काय लिहिणार, असे कोणी म्हटले तर त्याची चूक नाही. पण रत्नागिरीत राजीवडा, कर्ला, मिरकरवाडा या भागांत ज्याचे गिऱ्हाईक आहे, त्याच्या उधारीच्या वहीतली बरीच पाने समुद्रावर अवलंबून असतात. होडी निघाली तर पैसा येतो, मोटार बसली तर वही बसते. माझ्या वहीत एका माणसाची बाकी तीन वर्षे तशीच राहिली, ती एका रबरी तुकड्यामुळे. म्हणून हा लेख.

२०१८ साली माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची आऊटबोर्ड मोटार भाट्ये खाडीच्या तोंडाशी जाम झाली. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. एका कारागिराने ती उघडली, म्हणाला, पिस्टन चिकटला आहे, बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागेल. खर्च मोठा होता. मी कर्ज दिले, कारण मुलीच्या लग्नाचे कापड माझ्याकडूनच गेले होते आणि माणूस सचोटीचा होता. मोटार चालू झाली. तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच जागी जाम. यावेळी नवा पिस्टनही गेला आणि सिलिंडरही ओरबाडला गेला.

दुसऱ्या वेळी आम्ही एका वयस्कर मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांनी वरचे इंजिन बघितलेसुद्धा नाही. आधी विचारले, "धार कशी होती?"

"चाचा, धार तर येत होती," गिऱ्हाईक म्हणाले.

"पोरा, धार येते हे सगळेच सांगतात. किती येते ते सांग."

मग त्यांनी मोटारीचा खालचा पाय सोडवला. पाण्याच्या पंपातला इम्पेलर काढून माझ्या हातावर ठेवला. रबराची सहा पाती असायला हवीत. दोन शाबूत, एक फाटके, बाकीची गायब. पहिल्या कारागिराने वर नवा पिस्टन घातला होता आणि खाली हाच इम्पेलर तसाच ठेवला होता. आमच्या धंद्यात धुतल्यावर साडीचा रंग गेला, की गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडते. चूक रंगाऱ्याच्या हौदात झालेली असते. इथेही जळाले वर, पण बिघाड खाली होता.

चाचांनी त्या दिवशी जे समजावले ते मी वहीच्या मागे उतरवून घेतले. मोटारगाडीत रेडिएटर असतो, तेच पाणी फिरत राहते. आऊटबोर्डला रेडिएटर नाही. पंख्याच्या वर पायाला जाळीदार भोके असतात, तिथून ती खाडीचे किंवा समुद्राचे पाणी ओढते. गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला रबरी इम्पेलर ते पाणी नळीतून वर ढकलतो. पाणी सिलिंडरभोवती फिरते, उष्णता घेते आणि धुराबरोबर खाली निघून जाते. त्यातले थोडे पाणी एका बारीक छिद्रातून बाहेर पडते, तीच आपण पाहतो ती धार. म्हणजे मोटार तापली तर पाण्याच्या या वाटेवर एकेक मुक्काम तपासायचा, खालून वर. वरून सुरुवात केली की खर्च वरूनच सुरू होतो.

समुद्रात धार बंद दिसली तर लगेच वेग कमी करावा. मंद चालवूनही धार आली नाही तर मोटार बंद करावी, "किनाऱ्यापर्यंत जाऊ" हा मोह धरू नये. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. त्याला फार वेळ लागत नाही. नांगर टाका, पाय वर उचला आणि जाळीत बघा. प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा, शेवाळ अडकलेले असेल तर काढा. अनेकदा बिघाड एवढाच असतो. तापलेल्या इंजिनावर बादलीने थंड पाणी मारणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तसे कधीही करू नये, धातू वाकतो, चिरतो. अर्धा तास तसेच थंड होऊ द्यावे. दोरी ओढून फिरत नसेल तर जोर करू नये. थंड झाल्यावर पुष्कळदा आपोआप सुटते.

जाळी साफ असून धार नाही, तर छिद्रच बुजले आहे का ते पाहावे. मिठाचा खडा, वाळूचा कण, आणि मोटार महिनाभर पडून असेल तर कुंभारीण माशीचे मातीचे घर. तंगुसाचा जाड तुकडा आत घालून हलवला की मोकळे होते. छिद्र मोकळे होऊन जोराची धार आली तर सुटलात. नाही आली, किंवा केसासारखी बारीक आली, तर इम्पेलर.

इम्पेलरबद्दल जास्त लिहितो, कारण आपल्या खाड्यांत तोच जास्त मरतो. भाट्येच्या तोंडाशी गाळ आणि वाळू साचते. ओहोटीला होडी बाहेर काढताना पाय तळाला घासतो, वाळू पंपात जाते आणि रबराबरोबर बाहेरची वाटीही झिजवते. दुसरा शत्रू म्हणजे कोरडे चालवणे. दुरुस्ती झाली की किनाऱ्यावर "एक झटका मारून बघू" म्हणून पाण्याशिवाय मोटार चालू करतात. इम्पेलरला वंगण पाण्याचेच असते. कोरडा चालला तर थोड्या सेकंदांतच पाती जळू लागतात. जमिनीवर चाचणी घ्यायची तर मोठ्या पिंपात पाय बुडवून, पाणी जाळीच्या आणि पंपाच्या बरेच वर ठेवून, न्यूट्रलमध्ये घ्यावी.

वर्षातून एकदा इम्पेलर बदलावा, तो चांगला दिसला तरी. पडून राहिलेल्या मोटारीत पाती वाकलेल्या स्थितीतच कडक होतात आणि मग पाणी ढकलत नाहीत. बदलताना गिअरची दांडी आधी सोडवावी. इम्पेलरला शाफ्टशी धरणारी छोटी चावी असते, ती वाळूत पडली की शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर उभा राहतो. खाली कापड पसरून काम करावे. (कापडवाल्याचा एवढा सल्ला तरी ऐका.) वाटी आणि खालची पट्टी ओरखडलेली असेल तर तीही बदलावी. पात्यांना साबणाचे पाणी लावून, शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवत बसवावे, म्हणजे टोके फिरण्याच्या उलट बाजूला मागे वळतात. नंतर शाफ्ट उलटा फिरवू नये.

आणि जुन्या इम्पेलरची पाती मोजावीत. जेवढे तुकडे कमी, तेवढे वर गेलेले असतात. चाचांनी आमच्या मोटारीतले दोन तुकडे पाण्याच्या नळीत आणि एक थर्मोस्टॅटच्या तोंडाशी शोधून काढला. ते राहिले असते तर नवा इम्पेलर घालूनही तिसऱ्यांदा तेच झाले असते.

धार भरपूर आहे पण पाणी कढत आहे, वाफ येते, असे असेल तर थर्मोस्टॅट पाहावा. तो थंड इंजिनात बंद आणि गरम झाल्यावर उघडणारा दरवाजा आहे. मिठाने चिकटला की उघडत नाही. तपासणी घरच्या पातेल्यात होते. दोऱ्याने पाण्यात टांगावा, खाली चूल पेटवावी. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुतेक आऊटबोर्डमध्ये ५० ते ६० अंशांत, तो उघडायला हवा. चहाचे भांडे त्यासाठी वापरू नये, घरात वाद होतो. थर्मोस्टॅट काढूनच टाकणे हा काहींचा उपाय आहे. मोटार मग थंडच चालते, इंधन नीट जळत नाही, काजळी धरते. नवा घालावा.

बाकीची कारणे थोडक्यात. मोटार होडीवर उंच बसवली असेल तर लाटेत जाळी हवा ओढते. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला असावी. टू-स्ट्रोकमध्ये तेल इंधनातूनच जाते; पेट्रोलवरच्या बऱ्याच मोटारींना ५० भागांना १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. घासलेटवर चालणाऱ्यांचे प्रमाण वेगळे, ते त्या मोटारीच्या पुस्तिकेत पाहूनच घालावे. तेलात काटकसर करणारा पिस्टनमध्ये फेडतो. हे सगळे ठीक असूनही तापत असेल तर हेडचे गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी आणि दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असावेत.

रोजचा उपाय मात्र फुकटचा आहे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर पिंपात गोड्या पाण्यात दहा मिनिटे मोटार चालवावी. आतले मीठ वाळण्याआधीच निघून जाते. एकदा चुन्यासारखा थर धरला की साधे पाणी पुरत नाही. पावसाळ्यात मोटार घरात उभी ठेवण्याआधी हे नक्की करावे, कारण जूनमध्ये आत राहिलेले मीठ हंगाम उघडेपर्यंत दगड होते. विहिरीचे पाणी लांब आहे, ही सबब मी पुष्कळ ऐकली आहे.

कारागीर बंधूंना एक विनंती. तुमचा हात कुशल आहे, पण "पिस्टन गेला" एवढे सांगून बिल करू नका. का गेला, हे गिऱ्हाइकाला दाखवा आणि जुना भाग त्याच्या हातात द्या. आणि होडीवाल्यांनीही तो मागून घ्यावा. आमच्याकडे थान मोजून घेताना कोणी लाजत नाही, इथेही लाजू नये.

त्या गिऱ्हाइकाने २०२१ मध्ये शेवटचा हप्ता दिला. आता त्याच्या होडीत बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात एक इम्पेलर, दोन चाव्या, स्पार्क प्लग, पाना आणि तंगुसाचा तुकडा. डबा गुंडाळायला कापड माझ्याच दुकानातले आहे, त्याचे पैसे मी लावले नाहीत.